कुमारदेवी आणि सुहडादेवी : शिलालेख, वंशवही आणि जनगणनेच्या प्रकाशात पूर्वजांचे विवाह

वस्तुपाल आणि तेजपाल या मंत्रीबंधूंचे नाव ठाऊक नाही असे जैन कुटुंब विरळाच. आबूच्या देलवाड्याचे किंवा गिरनारचे दर्शन घेऊन परतलेला प्रत्येक यात्रेकरू त्यांच्या औदार्याच्या कथा प्रसादाबरोबर घरी घेऊन येतो. तेराव्या शतकात गुजरातेत वाघेला राणक वीरधवल यांच्या दरबारी या बंधूंनी राज्याचा कारभार सांभाळला, युद्धे केली, ग्रंथभांडारे उभारली आणि मंदिरे बांधली. पुरुषांच्या या कर्तृत्वाबद्दल इतिहासकारांत फारसा वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या घरातील स्त्रियांबद्दल, आणि त्यातही प्रामुख्याने विवाहांबद्दल.

या कुटुंबातील विवाहांविषयी दोन कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. पहिली कथा आबूच्या लूणवसहीतील दोन सुंदर गोखल्यांची. ते ‘देराणी-जेठाणीचे गोखले’ म्हणून ओळखले जातात. वस्तुपाल आणि तेजपाल यांच्या पत्नींनी, म्हणजे जावा-जावांनी, एकमेकींशी चढाओढ करून लाखो रुपये खर्चून ते कोरवून घेतले, असे मार्गदर्शक मोठ्या रंगतदारपणे सांगतात. दुसरी कथा दबक्या आवाजात सांगितली जाते. या बंधूंची माता कुमारदेवी ही विधवा होती, आसराज मंत्र्यांशी तिचा दुसरा विवाह झाला आणि त्यातूनच पुढे समाजात दसा आणि विसा असे तट पडले, अशी ती कथा होय.

पहिली कथा निरुपद्रवी आहे. दुसरीने मात्र अनेक शतके सोयरिकींवर सावली धरली. म्हणून या दोन्ही कथा कागदाच्या व दगडाच्या पुराव्यावर घासून पाहणे अगत्याचे ठरते. व्यापारी माणसाला ही रीत नवी नाही. रोजमेळातील नोंद ज्या दिवशी व्यवहार झाला त्याच दिवशी होते, तिच्यावरून खतावणी पुढे होते, आणि ताळेबंद तर वर्षअखेरीस. तिन्हींत फरक पडला तर प्रथम रोजमेळ उघडावा लागतो. इतिहासातही समकालीन शिलालेख हा रोजमेळ, नंतर लिहिलेले चरित्र ही खतावणी, आणि लोकांच्या तोंडी फिरणारी कथा म्हणजे कुणीतरी आठवणीने सांगितलेली शिल्लक.

दगडातील रोजमेळ

लूणवसही म्हणजे भगवान नेमिनाथांचे मंदिर. त्याची प्रतिष्ठा वि. सं. १२८७ मध्ये, म्हणजे इ. स. १२३० च्या सुमारास झाली. मंदिरातील मोठी प्रशस्ती राजपुरोहित कवी सोमेश्वर यांनी रचली. जर्मन विद्वान ल्यूडर्स यांनी या मंदिरातील शिलालेखांचे वाचन १९०५-०६ च्या ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात प्रसिद्ध केले. पुढे मुनी श्री जयंतविजयजी यांनी आबूच्या लेखांचा मोठा संग्रह सिद्ध करून तो गुजराती वाचकांना उपलब्ध करून दिला.

या प्रशस्तीत कुटुंबाची वंशावळ स्वच्छ दिलेली आहे. प्राग्वाट, म्हणजेच पोरवाड ज्ञातीतील चंडप, त्यांचे पुत्र चंडप्रसाद, त्यांचे सोम आणि सोमांचे पुत्र अश्वराज ऊर्फ आसराज. आसराज आणि कुमारदेवी यांना चार पुत्र झाले : लूणिग, मल्लदेव, वस्तुपाल आणि तेजपाल. त्यांच्या सात कन्यांचीही नावे लेखात नोंदली आहेत. आठशे वर्षांपूर्वीच्या एका घरातील सात मुलींची नावे दगडावर टिकून राहावीत, ही गोष्ट आजच्या वंशावळी पाहता थोडी लाजवणारीच आहे. आपल्या अनेक घरांतील वंशवृक्षांवर आजही फक्त मुलांच्या फांद्या दिसतात.

तेजपाल यांच्या पत्नी अनुपमादेवी या चंद्रावतीच्या प्राग्वाट घराण्यातील धरणिग यांच्या कन्या. त्यांच्या बुद्धिमत्तेची आणि दानशीलतेची कीर्ती प्रबंधग्रंथांतून सर्वत्र आढळते. मंदिर कोणाच्या नावाने बांधले याबद्दलही लोककथा आणि शिलालेख यांत अंतर आहे. अकाली निधन पावलेला थोरला भाऊ लूणिग याच्या स्मरणार्थ ते बांधले, असे सामान्यतः सांगितले जाते. लेख मात्र सांगतो की पत्नी अनुपमादेवी आणि पुत्र लूणसिंह यांच्या पुण्यवृद्धीसाठी तेजपाल यांनी हे मंदिर उभारले.

मंदिराच्या व्यवस्थेसाठी जे विश्वस्त नेमले गेले, त्यांतही एक विशेष आहे. लेखात ‘गोष्ठिक’ म्हणून मंत्रीबंधूंच्या वंशजांबरोबर अनुपमादेवींच्या माहेरच्या मंडळींचाही समावेश आहे. सुनेचे माहेर मंदिराच्या कारभारात बसवणारा हा दस्तऐवज कोणत्याही धार्मिक ट्रस्टने अभ्यासावा असा आहे.

सुहडादेवींचा शोध

आता देराणी-जेठाणीच्या गोखल्यांकडे वळू. नवचौकीत गूढमंडपाच्या द्वाराच्या दोन्ही बाजूंना हे गोखले आहेत. दोहोंवर वि. सं. १२९७ चे लेख आहेत आणि दोन्ही लेखांचा मजकूर जवळजवळ एकच आहे. त्यांत जाऊ-जावांचा उल्लेख नाही. वस्तुपालांच्या पत्नीचे नाव नाही आणि अनुपमादेवींचेही नाही. हे दोन्ही गोखले तेजपाल यांनी आपल्या ‘द्वितीय भार्या’ सुहडादेवी यांच्या श्रेयासाठी करविले, असे तेथे स्पष्ट कोरले आहे.

या सुहडादेवी कोण? लेखच उत्तर देतो. त्या पाटणनिवासी, मोढ ज्ञातीच्या ठक्कुर घराण्यातील कन्या. त्यांच्या पितृकुलाबरोबर त्यांच्या आईचे, संतोषा यांचे नावही दिले आहे. म्हणजे तेजपाल स्वतः प्राग्वाट आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी मोढ. तेराव्या शतकात, समाजाच्या अग्रस्थानी असलेल्या घरात, दोन भिन्न ज्ञातींमध्ये विवाह झाला होता. तो लपविण्यात आला नाही. उलट आबूसारख्या तीर्थावर, मुख्य गाभाऱ्याच्या वाटेवर, ज्ञातीचे नाव घेऊन तो कोरून ठेवण्यात आला.

एका ओळीच्या या पुराव्याने दोन कामे केली. जावांच्या भांडणाची कथा मोडीत निघाली. आणि ज्ञातीबाहेर सोयरीक ही अलीकडची ‘बिघाड’ आहे, हा समजही टिकला नाही.

मात्र याच मंदिरात एक सावधगिरीचा धडाही आहे. मंदिराच्या मागील भागातील हस्तिशाळेत संगमरवरी हत्ती असून त्यांच्यामागे कुटुंबातील स्त्री-पुरुषांच्या मूर्ती नावांसह उभ्या आहेत. त्याला दगडातील घरगणतीच म्हणता येईल. तेथे वस्तुपाल यांच्या शेजारी दोन पत्नी आहेत, ललितादेवी आणि वेजलदेवी. तेजपाल यांच्या शेजारी मात्र अनुपमादेवी एकट्याच. केवळ हस्तिशाळा शिल्लक राहिली असती आणि गोखल्यांवरील लेख झिजून गेले असते, तर तेजपालांचा एकच विवाह झाला होता असे इतिहासकारांनी निःशंकपणे लिहिले असते, आणि ते चुकले असते. एखाद्या यादीत नाव नाही, याचा अर्थ ती व्यक्ती नव्हती असा होत नाही.

दुसरा पेच नावांचा. गिरनारवर वस्तुपाल यांनी उभारलेल्या मंदिराचे लेख वि. सं. १२८८ चे आहेत. तेथील बाजूच्या दोन देवालयांचा संबंध त्यांच्या पत्नी ललितादेवी आणि सोखू यांच्या पुण्याशी जोडलेला आहे. मग आबूतील वेजलदेवी आणि गिरनारवरील सोखू या एकच की दोन? माहेरचे नाव एक आणि सासरचे दुसरे, कागदावरचे नाव एक आणि घरातले हाकेचे दुसरे, हा प्रकार आपल्या घराघरांत आहे. त्यामुळे बहुतेक अभ्यासक या दोन नावांची एकच स्त्री मानतात. नावे दोन म्हणून विवाह दोन, अशी घाई वंशावळ लिहिणाऱ्याने कधीही करू नये.

कुमारदेवींचा प्रश्न

सुहडादेवींच्या विवाहाला शिलालेखाचा भक्कम आधार आहे. कुमारदेवींच्या पुनर्विवाहाच्या कथेला तसा आधार आहे काय?

ही कथा आचार्य मेरुतुंग यांच्या ‘प्रबंधचिंतामणि’ या ग्रंथात येते. वढवाण येथे वि. सं. १३६१ मध्ये, म्हणजे इ. स. १३०५ च्या सुमारास, तो पूर्ण झाला. पाटण येथे हरिभद्रसूरी व्याख्यान देत असता त्यांची दृष्टी कुमारदेवी नावाच्या एका विधवेकडे वारंवार वळत होती. सभेत बसलेल्या आसराज मंत्र्यांच्या ते ध्यानात आले. त्यांनी कारण विचारता, हिच्या उदरी सूर्य-चंद्रासारखे तेजस्वी पुत्र जन्म घेतील अशी लक्षणे दिसतात, असे गुरूंनी सांगितले. त्यानंतर आसराजांनी तिला पळवून नेऊन आपली पत्नी केली, असा कथेचा आशय आहे. नंतरच्या काही गुजराती रासांतूनही ती पसरली.

आता तारखा मांडून पाहू. वस्तुपाल मंत्रिपदावर आले ते वि. सं. १२७६ मध्ये. गिरनारच्या लेखांवरून त्यांचे पुत्र जयंतसिंह वि. सं. १२७९ पासून खंभातचा कारभार पाहत होते. मुलगा कारभार पाहण्याइतका मोठा, म्हणजे पिता त्या वेळी प्रौढ असणार. वस्तुपाल यांच्याआधी घरात दोन पुत्र जन्मले होते. तेव्हा आसराज-कुमारदेवींचा विवाह आणि मेरुतुंगांचा ग्रंथ यांच्यात शंभर वर्षांहून अधिक अंतर पडते.

समकालीन साक्षीदार थोडेथोडके नाहीत. सोमेश्वरांचे ‘कीर्तिकौमुदी’, अरिसिंहांचे ‘सुकृतसंकीर्तन’, बालचंद्रसूरींचे ‘वसंतविलास’, उदयप्रभसूरींचे ‘धर्माभ्युदय’ हे ग्रंथ त्या काळातील किंवा त्यास अगदी लागून असलेले. त्यांपैकी कोणीही कुमारदेवींच्या वैधव्याचा उल्लेख करीत नाही. प्रशस्तीतही त्या आसराजांच्या पत्नी म्हणून सन्मानाने येतात. शिवाय कथेतील सूर्य-चंद्रांचे भाकीत दोनच पुत्रांना लागू पडते, आणि प्रशस्ती तर चार पुत्र व सात कन्या सांगते. फळ ठाऊक झाल्यावर बीजाची कथा रचली जाते, तसा हा प्रकार वाटतो.

परंतु दुसरी बाजूही तितक्याच निःपक्षपातीपणे मांडली पाहिजे. वर उल्लेखिलेले कवी मंत्रीबंधूंच्या आश्रयाचे होते. आश्रयदात्याच्या घरची नाजूक बाब त्यांनी लिहिली नाही, यात आश्चर्य ते काय? मेरुतुंग स्वतः जैन आचार्य होते आणि या बंधूंचे गुणगान करणारे होते. त्यांना कलंक लावण्याचे कारण त्यांना नव्हते. हस्तिशाळेतील मौनाने जसे सुहडादेवींचे अस्तित्व नाकारता येत नाही, तसे समकालीनांच्या मौनाने कुमारदेवींची कथाही पूर्णपणे खोटी ठरत नाही. डॉ. भोगीलाल सांडेसरा यांनी वस्तुपालांच्या विद्वन्मंडळावरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात या प्रश्नाची साधकबाधक चर्चा केली आहे.

निष्कर्ष इतकाच निघतो : सुहडादेवींचा विवाह सिद्ध, कुमारदेवींचा पुनर्विवाह असिद्ध, पण अशक्य नव्हे. हिशेबात ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती ‘अनामत’ खाती ठेवतात. ती कुणाच्या नावे टाकून मोकळे होत नाहीत.

समाजाने नेमके तेच केले. असिद्ध रक्कम जिवंत माणसांच्या नावे टाकली. मंत्र्यांच्या घरच्या भोजनप्रसंगी मातेची कथा उघड झाली, जे पंगतीत राहिले ते दसा आणि जे उठले ते विसा, अशी आख्यायिका भाटांनी आणि रासकारांनी रंगवली. मागील शतकांतील मूर्तिलेखांत लघुशाखा आणि वृद्धशाखा हे शब्द आढळतात, त्यामुळे भेद जुना आहे हे खरे. पण दसा-विसा हा भेद पोरवाडांपुरता नाही. तो श्रीमाळींत आहे, ओसवालांत आहे, हुमडांतही आहे. एका पोरवाड घरच्या एका पंगतीने इतक्या ज्ञाती एकाच वेळी दुभंगल्या, हे पटण्याजोगे नाही. तरीही या कथेच्या आधारे विसा घरांनी दसा घरांच्या मुली नाकारल्या. आणि समजा, ती कथा शब्दशः खरी असली तरी तिचा अर्थ काय? एका विधवेचा संसार पुन्हा उभा राहिला आणि तिच्या पोटी जैनशासनाचे दोन आधारस्तंभ जन्मले. यात लाजण्यासारखे काय आहे?

जनगणनेत काय सापडते, काय सापडत नाही

मंत्र्यांच्या घरी शिलालेख होते. सामान्य श्रावकाच्या घरी काय? सतराव्या शतकातील आग्र्याचे कवी आणि व्यापारी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ लिहून आपल्या पंचावन्न वर्षांचा हिशेब मांडला. अकराव्या वर्षी झालेला विवाह, पत्नीचा मृत्यू, तिच्याच धाकट्या बहिणीशी विवाह, पुढे तिसरा विवाह, आणि जन्मून गेलेली नऊ अपत्ये : सात मुलगे व दोन मुली. हे सर्व त्यांनी स्वतः लिहिले नसते तर वंशावळीत त्यांच्या नावापुढे फक्त ‘निःसंतान’ एवढीच नोंद उरली असती, आणि तीन स्त्रियांची आयुष्ये त्या एका शब्दाखाली झाकली गेली असती.

एकोणिसाव्या शतकापासून अनेकांना जनगणनेचा आधार मिळेल असे वाटते. १८८१ पासून दर दहा वर्षांनी देशभर शिरगणती झाली, आणि त्यात प्रत्येक माणूस अविवाहित, विवाहित की विधुर-विधवा हे विचारले गेले. परंतु त्या कागदांतून पूर्वजांचे नाव शोधू पाहणाऱ्याची निराशा होते. कोष्टके छापली गेली, घरोघरची मूळ पत्रके जतन करण्याची प्रथा नव्हती. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तिगत नोंदी पाहण्यास खुल्या नाहीत. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी घरनिहाय पत्रके लोकांना पाहता येतात, तशी सोय आपल्याकडे नाही.

शिवाय कोष्टकातच एक मोठी फट आहे. पत्नी निवर्तल्यावर पुन्हा विवाह केलेला पुरुष ‘विवाहित’ या रकान्यात जातो. त्याचा पहिला संसार कागदावरून पुसला जातो. ज्या ज्ञातींत पुनर्विवाहाला मनाई होती, तेथे बालविधवा मात्र दर दहा वर्षांनी त्याच ‘विधवा’ रकान्यात मोजली जाई. एकच कोष्टक पुरुषाचे दुःख विसरते आणि स्त्रीचे वैधव्य प्रत्येक वेळी नव्याने लिहिते.

तरीही या आकड्यांनी समाजाला जागे केले. १९०१ मध्ये देशात जैनांची संख्या सुमारे १३ लाख ३४ हजार होती. १९११ मध्ये ती सुमारे १२ लाख ४८ हजार आणि १९२१ मध्ये सुमारे ११ लाख ७८ हजार झाली. दुष्काळ, प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ ही कारणे होतीच, परंतु बालविवाह, जरठ-कुमारी विवाह आणि पुनर्विवाहाची बंदी यांवरही सभा-परिषदांतून उघड चर्चा होऊ लागली. दक्षिण महाराष्ट्रातील चतुर्थ, पंचम यांसारख्या ज्ञातींत विधवाविवाहाची रूढी पूर्वीपासून होती, याकडेही सुधारकांनी लक्ष वेधले. १९१४ मध्ये मुंबईहून दिगंबर जैन डिरेक्टरी प्रसिद्ध झाली. समाजाने स्वतःची मोजणी स्वतः करण्याचा तो मोठा प्रयत्न होता.

घरातील पुरावा

मग एखाद्या पणजोबांचे विवाह किती आणि कोणाशी झाले, हे शोधायचे कसे? साधने घरातच असतात, फक्त ती एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. जुन्या चोपड्यांत लग्नखर्चाचे खाते असते. एकाच नावापुढे दहा वर्षांच्या अंतराने दोन लग्नखर्च दिसले तर दुसऱ्या संसाराचा धागा मिळतो. मामेऱ्याची नोंद कोणत्या गावच्या पेढीवरून आली, यावरून माहेर कळते. जमिनीच्या फेरफार नोंदीत वारसांची नावे लागतात, त्यात सावत्र आईचे नाव अनेकदा प्रथमच भेटते. कुलगुरू व भाट यांच्या वह्या पुरुषांची साखळी सांभाळतात, पण त्या पुन्हापुन्हा नकलून घेतलेल्या असल्याने एकट्या त्यांच्यावर विसंबू नये. आणि मंदिरातील धातुमूर्तींच्या पाठीमागे पाहावे. संवत्, तिथी, ज्ञाती, श्रेष्ठीचे नाव, ‘भार्या’ म्हणून पत्नीचे नाव आणि पुत्रांची नावे या क्रमाने लिहिलेल्या त्या दोन-तीन ओळी म्हणजे सामान्य श्राविकेचा एकमेव लेखी ठसा असतो.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जैनांनाही एकपत्नीत्व बंधनकारक झाले आणि पुनर्विवाहाचा मार्ग कायद्याने निर्वेध झाला. १९९८ च्या कायद्याने महाराष्ट्रात विवाहनोंदणीची व्यवस्था झाली. पुढच्या पिढीला आजचे विवाह शोधणे सोपे जाईल. त्याआधीचे दीडशे-दोनशे वर्षांचे विवाह मात्र वाळवी लागलेल्या चोपड्यांत आणि वयोवृद्ध स्त्रियांच्या आठवणींत अडकलेले आहेत. चोपड्या रद्दीत जात आहेत, आणि आठवण सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टने मंदिरातील सर्व मूर्तिलेखांची वाचने करवून घ्यावीत, आणि प्रत्येक कुटुंबाने आपली वंशावळ सुनांच्या माहेरच्या नावासह, मुलींच्या नावासह, पहिल्या व दुसऱ्या संसारासह, काहीही न लपवता नोंदवावी. तेजपालांनी ‘द्वितीय भार्या’ हे शब्द दगडावर कोरविले तेव्हा त्यांना संकोच वाटला नाही. त्या दोन शब्दांमुळेच सुहडादेवी आज आपल्याला ज्ञात आहेत. कुमारदेवींविषयी अशी एखादी ओळ कोणी लिहून ठेवली असती, तर त्यांच्या नावावर कित्येक शतके कुजबुज झाली नसती आणि त्या कुजबुजीचा दंड दसा घरांच्या लेकींना भरावा लागला नसता.

॥ जय जिनेंद्र ॥